तुळशीरामाचा बेकारी भत्ता

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! चूक आपली, आणि ती झाकायला जिवाभावाचा दोस्त खोटं बोलायला उभा राहिला, तर? त्याला बोलू द्यावं की गप्प करावं? हं… मंडपात एकदम शांतता! मग ऐका.

एक होता तुळशीराम खरमाटे. दूध पावडरीच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला. काम काय? काट्याकडे बघत बसायचं, दाब वाढला की वाफ सोडायची. पण त्या दिवशी गडी साडूच्या घरचं लग्न जेवून दुपारपाळीला आला. जिलबी, मठ्ठा, वर पुन्हा जिलबी! डोळा लागला! – ओ खांबाला टेकलेले आजोबा, तुम्ही झोपा खुशाल, तुमच्या हाती बॉयलर नाही!

इकडे दाब चढला. शेजारच्या खात्यातला बशीर धावत आला, वाफ सोडायला गेला आणि हात भाजला. तुळशीराम जागा झाला तो बशीरच्या ओरडण्यानं!

चौकशी झाली, नोकरी गेली. आता घर कसं चालायचं? पगारातून विमा कापला जायचा, त्यातून काम सुटल्यावर भत्ता मिळतो. तुळशीरामानं अर्ज केला. उत्तर आलं – गैरवर्तनामुळे काढलेल्याला भत्ता नाही!

बायको विमल म्हणाली, "अहो, एकदा विमा कचेरीत जाऊन दाद मागा तरी. पोरीची शाळा आहे."

त्यानं दाद मागितली, कचेरीत सुनावणी लागली, तिथं गेला. दारात कोण? हाताला पट्टी बांधलेला बशीर!

"तू कशाला आलास?"

"साक्ष द्यायला. सांगतो, तुळशीराम जागा होता, काटाच बिघडला होता. माझाच हात भाजलाय, मला खोटं कोण म्हणणार?"

मंडळी, काय माणूस! आणि काय मोह! एक वाक्य, आणि घरात भत्ता सुरू!

आत सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

बशीर उठला. तुळशीरामानं त्याचा सदरा धरून खाली बसवला!

"मॅडम, मी झोपलो होतो. माझ्यापायी याचा हात भाजला. आता माझ्यापायी हा खोटं बोलायला निघालाय. ते नको."

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मग भत्ता देता येणार नाही, खरमाटे."

"कळलं, मॅडम."

गेला भत्ता! विमलनं चार दिवस अबोला धरला – धरणारच, चूल तिलाच पेटवायची होती! बशीर मात्र चिडला. "वेडा आहेस तू!" म्हणाला, आणि संध्याकाळी त्याला आपल्या मामाच्या बेकरीत घेऊन गेला. मामांनी सगळं ऐकलं.

"माझ्या भट्टीवर झोपशील?"

"कधी काय होईल सांगता येत नाही, मामू. पण डोळा लागलाच तर मी होऊन सांगेन."

मामा खो खो हसले! "ये उद्यापासून."

पगार कमी, घाम जास्त. पण घरी पाव गरम येतो, पोरगी शाळेत जाते, विमल बोलायला लागली – आता थांबत नाही, तो भाग वेगळा! आणि ईदला तुळशीराम बशीरच्या घरी मान वर करून जेवतो.

तर मायबापहो, तुमच्यासाठीही कुणीतरी खोटं बोलतंय. बायको सावकाराला सांगते, 'घरी नाहीत.' भाऊ पंचांना सांगतो, 'त्यानं नाही केलं.' त्यांची माया खरी आहे हो! म्हणूनच त्यांना त्यातून सोडवा. घरी जा, त्यांच्याशेजारी बसा आणि म्हणा – 'आता माझं मी सांगतो.' एवढं जमलं, तर आजचं हरिनाम देवापर्यंत पोचलं. म्हणा सगळे, विठ्ठल!