तिघांचं सामान

—नाही रे देवांश, कालच गेली केया. पुण्याला, मावशीकडे. फोन कसा लागेल, इथलं सिम बंद केलं ना! बस, बस. एवढ्या उन्हात अबू धाबीच्या मुसफ्फाहून अल ऐनला आलास, चहा तरी घे. घराचं हे असं झालंय बघ — तुझ्या काकांची दुबईची कंपनी बुडाली, व्हिसे कॅन्सल, शुक्रवारचं विमान. इथला अठरा वर्षांचा संसार, खलास!

ह्या डीव्हीडी तुझ्याच ना? ती कोरियन सिरियल? केयाला कशाला आणून दिल्यास रे — तिच्याबरोबर मीही बसले बघत! आईचं तरुणपणीचं प्रेम नि लेकीचं आताचं प्रेम, दोन्ही गोष्टी एकात एक. मी म्हटलं, काहीतरीच, आया काय प्रेमात पडतात? तर ही बया म्हणते, "मॉम, डिड यू?" मी उठून कुकर बघायला गेले. आता मी कशाला उठले? काही नव्हतंच. म्हणजे — होता एक राजन. बँकेत, टेम्पररी. मला मागणी घालायला घरी आला, तेव्हा मी आतल्या खोलीत झोपलेले. आईने सांगितलं, शोभना नाशिकला गेलीय मामाकडे. चहा पाजला, वर बेसनाचा लाडू दिला. मला कधी कळलं? केया दोन वर्षांची झाल्यावर! आईनेच सांगितलं, हसत हसत. मीही हसले. मग बाथरूममध्ये नळ सोडला आणि पोटभर रडले.

तसे तुझे काका देवमाणूस हं! त्यांचं म्हणणं एवढंच — माझी नोकरी गेली, त्या देवांशचा पगार निम्म्यावर आला, पोरीला अशी टांगणीला लावून मी जाणार नाही. बापाचं काळीज रे ते. मला तर शपथच घातली त्यांनी, की तू आलास तर — जाऊ दे.

निघालास? मग ही बॅग तेवढी काट्यावर ठेव ना, माझी कंबर धरलीय. किती? एकतीस? अगं बाई! म्हणजे लोणच्याची बरणी काढावी लागणार. माणशी तीस, तिघांचे नव्वद, वर एक किलो चालवून घेत नाहीत मेले—

काय झालं? असा काय बघतोस?

दोघांचे. दोघांचे साठ म्हणायचं होतं मला. केयाची बॅग तर काल तिच्याबरोबरच — उभा का? बस ना, लाडू घे. घरचे आहेत, बेसनाचे—

...

डावीकडची खोली. हेडफोन लावून शेवटचा भाग बघतेय ती. ठेव ती बशी खाली. जा म्हणते ना!