जोडा कसा वाटतोय?

हिचं नि माझं लग्न मोडता मोडता राहिलं, ते एका शब्दापायी. एकाहत्तर साल असेल. मामाला घेऊन मी देवळाली प्रवरेला हिला बघायला गेलो होतो. आदल्याच दिवशी श्रीरामपूरच्या बाजारातून नवे चामडी बूट घेतले होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी खाली मान घालून बसली आणि उठून आत गेली. निघताना मी ओट्यावर बसून बूट चढवत होतो. पाय नुसते पेटले होते. तेवढ्यात मुलीचे वडील मागून म्हणाले, "मग पाव्हनं, जोडा कसा वाटतोय?"

मी मान वर न करताच बोलून गेलो, "लई चावतोय बघा. तेल लावून दोन दिस उन्हात टाकतो. न्हाईच मऊ पडला, तर परत करायची बोली हाय."

वर पाहिलं, तर मामाच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली होती. मुलीचे वडील लालबुंद.

"माझी पोरगी चावती?"

त्यांनी आम्हा दोघांच्या जोड्याचं विचारलं होतं, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

इतक्यात मुलगीच दारात आली. पाहुण्यांपुढं मुलीनं तोंड उघडायचं, हे तर त्याहून आक्रीत! म्हणाली, "आबा, ते बुटाचं बोलत्यात. त्यांच्या दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्यात."

"तुला काय ठावं?" वडील ओरडले.

"मघाधरनं मान खाली घालून बसवलं हुतं मला. पायच तेवढे दिसत हुते."