लगडीचं दुसरं टोक

माजं माहेर विट्याकडचं, सांगली जिल्हा. आमच्या भागात घरटी एक तरी मानूस गलाईला भाईर गेलेला असतोय, म्हंजे सोनं-चांदी आटवायची, भेसळ काढायची, शुद्ध करून सराफाला द्यायची, कुनी कलकत्त्याला, कुनी मद्रासला, तसं आमचं ह्ये लखनौला. लगीन झालं तशी मी हितं चौक म्हनत्यात त्या सराफ बाजारात आले, खाली भट्टी नि वर आमची खोली, पयल्या वर्साला तेजाबाच्या वासानं नुसती खोकत असायची मी, हिंदी येत न्हवती, सब्जीवाल्याला भैया म्हनायचं एवडंच शिकून आल्ते. पर मानूस चांगला मिळाला, खोटं कशाला बोलू. पोरगी झाली तवा ह्ये सोनं वितळायची मूस भट्टीवर तशीच सोडून वर पळत आल्ते, आनि हात काळे म्हनून पोरीला घेईनात, धुऊन आले, परत धुऊन आले, मग घेतली. तवा मला हसू आल्तं. आता त्ये हात धुनं आठवलं की अंगावर काटा येतो.

तर काय सांगू तुमाला ताई, गेल्या साली कानपूरला गावाकडच्याच एकानं दुकान टाकलं, त्येच्या पूजेला ह्ये गेले नि आले त्ये मुके होऊनच. मला वाटलं पोट बिघडलं असंल, पुरी-कचोरी खाल्ली असंल. आठवडा गेला, ताप आला, साधा ताप हो, तवा सारा चौक तापानं फनफनला व्हता. मी मेथी निवडत बसल्ते नि ह्ये भिंतीला टेकून म्हनाले, मला एड्स झालाय. मी म्हनलं, तापात काय बी बरळू नगासा. तवा सगळं सांगितलं, पूजा झाल्यावर दोस्तांनी पाजली, एका बाईकडं नेलं, शुद्ध न्हवती, काय वापरलं बी न्हाई. बया गं! मेथीची परडीच भिरकावली मी, तोंडाला यील त्ये बोलले. आनि बोलता बोलता ध्यानात आलं, मधल्या दिसांत ह्ये माज्यापाशी आल्ते की. म्हंजे मला बी. बाईकडं गेले ह्येचा राग करायचा माजा राहूनच गेला बगा, भ्याच एवडं वाटलं.

दवाखान्यात जायाचं तर चौकातनं जाता येईना, हितं तिसऱ्या दाराला आमच्याच तालुक्याचं मानूस, शिंकलं तरी सांजपतुर गावात फोन जातोय. म्हनून लांबच्या सरकारी दवाखान्यात गेलो, मी तोंडाला वढणी गुंडाळून, जनू मीच चोरी केल्ती. तिथली समजावून सांगनारी दीदी लई चांगली, म्हनाली भाभीजी घबराइए मत, रोग असला तरी आता गोळ्या हायेत, मानूस जगतोय. दोघांचं रगत घेतलं, एड्सचं, गरमीचं, काविळीचं, सगळंच बगितलं. काय निघालं न्हाई. तीन महिन्यांनी परत बोलावलं, तवा बी काय निघालं न्हाई. दीदी म्हनाली, जाइए, अब चैन से रहिए. मी रस्त्यात रडले ताई, आनंदानं. रेवडी घेतली, घरी यिऊन पुरन घातलं, किती दिसांनी तूप वाढलं. तर ह्येनी आपलं ताट उचललं नि जिन्यात जाऊन बसले.

म्हनलं, आता काय? तर म्हनतात, त्येनी रगत एकाच हातातनं घेतलं. म्हनलं मग? तर म्हनतात, तुला कळत न्हाई, सोन्याची लगड आली की आमी दोनी टोकांचं कातरून बगतो, एक टोक चोख निघतंय नि दुसऱ्या टोकाला तांबं असतंय, एवड्याशा कातरनावर इस्वास ठेवला तर धंदा बसंल. मी कपाळावर हातच मारला. आवं, मानूस म्हंजे काय लगड हाय? रगत फिरतंय अंगातनं, दीदीनं बी तसंच समजावलं, डागदरनं चित्र काढून दाखवलं, ह्ये हां हां जी म्हनत ऐकून घेतात नि दुसऱ्या लॅबमधी जाऊन दुसरा हात फुडं करतात. तिकडं तेलीबागंत वळखीचं कुनी न्हाई म्हनून तिकडं जातात. सगळीकडं चोखच निघतंय. मग म्हनतात, अजून आटवून कुनी बगितलंय? मनाचा डागदर बगा म्हनलं तर, मी काय याडा हाय व्हय? मीच डागदरला इचारून गोळ्या आनल्या, त्या बी मोरीत टाकल्या.

एकदा मला सोसंना, त्येंच्या फुड्यात त्येंचं उष्टं पानी घटाघटा प्याले. म्हनलं, बगा, मला हुतंय का काय. वाटलं, डोळं उघडतील. तर लानी पोरं रडतात तसं रडायला लागले, म्हनाले, मी तुला मारलं. तवापासनं सवताबरूबर माजं बी ह्येंचं रोज बगनं चालू झालं, जीब दाव, मान दाव, ही गाठ कसली. लांबनं बगायचं हां, हात लावायचा न्हाई. करायला गेले काय नि झालं काय, माजंच चुकलं.

आनि पोरगी. ती मराठी समजती पर बोलती हिंदीच, शाळा हितली. परवा भट्टीवर मूस फुटली, ह्येंचा हात कापला, पोरगी फडकं घिऊन धावली, पापा खून निकल रहा है म्हनत. ह्ये वराडले तिच्यावर, दूर हट, हाथ मत लगा! कुत्र्याला हाकलावं तसं. फडकं हातात धरून उभीच राह्यली ती, रडली बी न्हाई. आता भट्टीकडं जातच न्हाई. मला इचारती, पापा मुझसे गुस्सा हैं क्या? मी काय सांगू तिला?

ह्ये आता खालीच निजतात, जेवान मी जिन्यात ठेवते. आशा मी सोडली ताई, कुनापासनं लपवू? रोग असता तर औषिद केलं असतं, नसलेल्या रोगाला काय देऊ? तुमच्या घरादाराला देव सुखात ठेवो, असलं कुनाच्या वाट्याला न येवो. मला ठावं हाय, मला काय झालं न्हाई. तरी सकाळी तोंड आल्यागत वाटलं नि मी आरशाफुडं जीब काढून उभी राह्यले. मागं पोरगी कवा यिऊन थांबल्ती कळलं न्हाई. तिनं बी जीब काढली, म्हनाली, मम्मी, मेरा भी देखो ना. मी बगितली, काय बी न्हवतं. मग तिला खिडकीपाशी उजेडात नेली नि पुन्यांदा बगितली.