पुढच्या मुक्कामाचा तंबू

—देवाशपथ खरं सांगतो, पेनफोल्डसाहेब, तो माझा आजोबाच. मुरलीधर. तुमचा तंबूवाला. या फोटोत मागच्या रांगेत, हातात मोगरी घेतलेला—कान बघा, आणि आता माझे बघा. सहा फूट चार इंच माणूस. बरं, पाच फूट चार. पण एका घावात मेख जमिनीत गडप! मागच्या गुरुवारी मी दोन घाव म्हणालो होतो? असेन म्हणालो. भुवई बरोबर वेळेला उचलता हो तुम्ही. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, पण उलटतपासणी काही गेली नाही.

उशी सारखी करू? नको तर नको.

मी इथे का येतो, ठाऊक आहे? जिलियनबाईंनी, तुमच्या लेकीनं, आमच्या मराठी मंडळाला ईमेल पाठवली—वडील त्र्याण्णव वर्षांचे, पूर्वी खानदेशात कलेक्टर, स्ट्रोकनंतर बोलता येत नाही, कानावर मराठी पडली तर बरं वाटेल. आमची बायको रश्मी म्हणाली, तूच जा, तुझ्या थापा घरात कुणी ऐकत नाही, तो बिचारा निदान उठून तर जाऊ शकत नाही. म्हणून दर गुरुवारी ब्रॅकनेलच्या ऑफिसातून हाफ डे टाकायचा आणि ट्रेननं बेसिंगस्टोक गाठायचं. पहिल्या दिवशी मनात काही नव्हतं, खोटं नाही सांगत. या पाटीवर डाव्या हातानं तुम्ही ‘चहा’ लिहिलंत, तेही देवनागरीत, तेव्हा मला कौतुकसुद्धा वाटलं. आणि मग बाईंनी अल्बम काढला. डॅडींचं म्हणे त्या लोकांवर फार प्रेम होतं! जन्म हॅम्पशरचा, परीक्षा पास, चोविसाव्या वर्षी बोट, असिस्टंट कलेक्टर, कलेक्टर, सत्तेचाळीसला परत, मग इथल्या कौन्सिलात प्लॅनिंग, मग गुलाब—सगळं कसं तारीखवार. आणि हा फोटो. हिवाळ्यातला दौरा, सन अडतीस. खाली तुमच्या अक्षरात नावं. ‘मधोमध मी, डावीकडे घोडा सुलतान, पायाशी कुत्रा रूफस.’ मागे चौदा माणसं उभी. चौदा! मी मोजली. विचारलं, यांची नावं काय हो? बाई म्हणाल्या, ‘ओ, ते? ते सगळे कॅम्पचे.’

कॅम्पचे. मग म्हटलं बाईंना—त्यातला हा माझा आजोबा. बाई रडल्या. तुम्ही नाही रडलात. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात.

तुमची ती दोन तंबूंची चैन! सकाळी एका तंबूत उठायचं, घोड्यावरून बारा मैल रमतगमत जायचं, आणि पुढच्या मुक्कामाला दुसरा तस्साच तंबू उभा—तेच टेबल, त्याच बाजूला खाट, दाढीचं पाणीसुद्धा गरम. जसं काही तुम्ही हललाच नाहीत, खालचा जिल्हा हलला. आणि हलवणारा कोण? मुरलीधर. कायम तुमच्या एक मुक्काम पुढे. एकदा त्यानं मुद्दाम वारुळावर तंबू ठोकला—लाल मुंग्या—आणि तुम्ही लेंगा तिथेच टाकून पाटलाच्या बायकोसमोरून—मागच्या वेळी विंचू होते? बरं, विंचू. हसताय? हसा, हसा. आज पुढचं सांगतो, हे अजून सांगितलं नव्हतं.

वारूळच का, ते. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. गावाकडून निरोप आला, तसा सकाळी तुमच्या तंबूपुढे हात जोडून उभा राहिला—साहेब, दोन दिवसांची रजा. तुम्ही अंडं फोडत होतात. मान वर केली नाहीत. परीक्षेत पहिल्या आलेल्या शुद्ध मराठीत म्हणालात, ‘मग तंबू कोण उभा करणार?’ संपलं! गेला बिचारा बैल जुंपून. तंबू ठोकला, मग चालत गाव गाठलं, तेव्हा तिला पोचवून माणसं नदीवरून परत येत होती. आणि तुमचं पाणी? गरमच मिळालं असेल तुम्हाला. मिळालं ना? बोला की! इतकी वर्षं न्यायनिवाडे केलेत, आता—

काय झालं? नर्सला हाक मारू? पाटी? ही घ्या पाटी. चहा ना? सावकाश. ‘मुरलीधर नव्हे.’ बरं, नव्हे, नका मानू, पण—‘झिपरू.’ कोण झिपरू? थांबा, पुसू नका. ‘रजा दिली नाही.’

साहेब, म्हणजे—

म्हणजे नाव ठाऊक होतं तुम्हाला. सहासष्ट वर्षं ठाऊक होतं, आणि फोटोखाली कुत्र्याचं लिहिलंत? आता रडता कशाला? आणि हे काय लिहिताय—‘माफ’—नाही. नाही, पेन खाली ठेवा. ती पाटी माझ्याकडे करू नका.

ऐका. माझे आजोबा सोलापूरला चष्मे विकायचे. उभ्या जन्मात तंबू पाहिला तो सर्कशीचा. फोटोतला हा कोण, मला काय माहीत? कान मोठे दिसले म्हणून धरला. मुरलीधर हे आमच्या मंडळाच्या खजिनदाराचं नाव. आणि त्याची बायको—तिला मी आज दुपारी रेडिंगला ट्रेन बदलताना मारली. तुम्हाला बोचावं म्हणून, बस. शब्दन् शब्द माझा होता, साहेब. रजासुद्धा. ती तुम्ही खरी केलीत.

मी झिपरूचा कुणी लागत नाही. माफी माझ्या खिशात नाही.

सोडा. हात सोडा, साहेब. माझी ट्रेन आहे.