कर्ण्यातली आकाशवाणी

(श्रीगोंद्याकडची एक मुरमाची धावपट्टी, दोन्ही बाजूंना ऊस. फवारणीचं एका माणसाचं विमान उभं आहे. कॅप्टन गद्रे पंखाच्या सावलीत बसले आहेत. मेकॅनिक सूर्यभान कमरेपर्यंत विमानात आहे.)

सूर्यभान : म्हणजे गुंई वेगळं आणि कटकट वेगळी. दोन आवाज.

कॅप्टन : तीन. इंजिन वाढवलं की गुंई वाढतं. कटकट आपली सारखी चालूच. आणि तिसरा आवाज तुझा, तो येतच नाही.

सूर्यभान : न येणारा आवाज कशाला मोजायचा साहेब?

कॅप्टन : तेच मुख्य दुखणं आहे. मी वर, तू खाली वायरलेस घेऊन बसलेला, आणि सबंध सकाळभर तुझा एक शब्द नाही. मला वाटलं झोपलास.

सूर्यभान : घसा बसला माझा बोलून. तुमचं मात्र सगळं ऐकू येत होतं.

कॅप्टन : सगळं म्हणजे?

सूर्यभान : कारखान्याच्या चेअरमनसाहेबांबद्दल म्हणालात ते. मग आईला हाक मारलीत. मग एक गाणं झालं. मी प्रत्येकाला हो म्हणत होतो.

कॅप्टन : अरे, ते मी स्वतःशी बोलत होतो.

सूर्यभान : स्वतःशी बोलायला वायरलेस कशाला, असं मला वाटलं.

कॅप्टन : दांड्यावरचं बटण दाबलं तरच वायरलेसवर जातं. मी बटणाला हातही लावला नव्हता. सोड. गुंईचं काय झालं?

सूर्यभान : जनरेटरची अर्थिंगची पट्टी ढिली होती. आवळली. कटकट प्लगच्या वायरीची, तिच्यावरची जाळी फाटलीय. तीही बांधतो. राहिला तिसरा. त्यासाठी अख्खा सेट उघडला, तर आत सगळं ठीकठाक. म्हणूनच जास्त शंका येते.

कॅप्टन : तो कोण येतोय बघ उसातून. फेटा बांधून.

सूर्यभान : अहो पाव्हणं, लांबनं. औषध सांडलंय तिथं.

पुंजाराम : राम राम. मी पुंजाराम, वढ्यापलीकडच्या मळ्यातला. सकाळी गरम गूळ धाडला हुता साहेबास्नी.

कॅप्टन : तुमचा होय तो? फार सुंदर होता. वरसुद्धा खात होतो.

पुंजाराम : आज आमच्या रतनचं लगीन हाय, म्हनून धाडला हुता. साहेब, एक इचारू? इमानातनं बोलनारे तुमीच का?

कॅप्टन : बोलणारा म्हणजे?

पुंजाराम : मंगलाष्टकं चालली हुती. शेवटचंच राहिलं हुतं. भटजी "शुभ मंगल" म्हनले आन् "सावधान" म्हनायला तोंड उघडलं, तर लिंबावरच्या कर्ण्यातनं आवाज आला. "नको. नको. हे जमणार नाहीये. आत्ताच मागे फिर, नंतर फार उशीर होईल."

कॅप्टन : अरे देवा.

पुंजाराम : ते बी म्हनलं त्यानं. मागनं.

सूर्यभान : हे मीही ऐकलं साहेब. हेच शब्द. मी याला पण हो म्हटलं होतं.

कॅप्टन : शेताच्या टोकाला विजेच्या तारा आहेत. मी फार खाली आलो होतो. मी स्वतःला सांगत होतो की मागे फिर. पण ते यांच्या कर्ण्यात कसं जाईल?

सूर्यभान : जातं. कर्ण्याची वायर किती लांब आहे, पाव्हणं?

पुंजाराम : मांडवापासनं लिंबापतुर. आन् उरलेली ढेलजंला गुंडाळून ठिवलीय.

सूर्यभान : झालं. तीच एरियल झाली. विमान डोक्यावर आलं आणि वायरलेस चालू असला, की साहेब डायरेक्ट मांडवात. पण बटण दाबलं नव्हतं ना तुम्ही.

पुंजाराम : बटान म्हंजी हे का, ह्या दांड्यावरचं तांबडं? ह्याला मुंग्या लागल्यात की.

कॅप्टन : मुंग्या?

सूर्यभान : बघू. चिकटलंय साहेब. दाबलेलंच राहिलंय. गूळ आहे हा. तुम्ही गुळाच्या हातानं दांडा धरलात, तेव्हापासून तुम्ही एकटेच बोलताय. बटण दाबलेलं असलं की समोरच्याचं ऐकूच येत नाही. हाच तुमचा तिसरा आवाज.

पुंजाराम : माझाच गूळ म्हना की. लेकीच्या लग्नाचा.

कॅप्टन : मग झालं की. मांडवात जाऊन सांगा, आवाज विमानातला होता, गैरसमज झाला.

पुंजाराम : सांगितलं. व्याही, आबासाहेब, मला म्हनले, पुंजाराम, इमान कधी बोलतं व्हय? देव बोलतो हे पटतं. आकाशातनं वाणी झाली, तिला आकाशवाणी म्हंत्यात. नवरदेवानं बाशिंग काढून मांडीवर घेतलंय. समदं वऱ्हाड मान वर करून बसलंय. कुनी जेवत न्हाई.

सूर्यभान : आवाज पुण्याच्या माणसाचा आहे, हे कुणाला कळलं नाही?

पुंजाराम : एक जन म्हनला की, देव "नाहीये" कसा म्हनंल. तर भटजी म्हनले, पोथीत समदे देव असंच शुद्ध बोलत्यात.

कॅप्टन : आता माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?

पुंजाराम : आबासाहेब म्हनले, वाणी पुन्यांदा झाली आन् हो म्हनली, तर अक्षदा टाकू. पुन्यांदा नको म्हनली, तर गाड्या जुपू. तवा तुमी एक डाव वर जाऊन "होऊ द्या" म्हना. लई न्हाई. दोन शबुद.

कॅप्टन : मी देव म्हणून बोलू?

पुंजाराम : तुमी देव म्हनून नका बोलू. तुमी नुसतं होऊ द्या म्हना. देव आमी समजून घेऊ.

कॅप्टन : अहो, वायरलेसवर खाजगी बोलायला बंदी आहे. माझं लायसन जाईल.

सूर्यभान : सकाळपासून बोललात ते सगळं खाजगीच होतं साहेब.

कॅप्टन : तू जाळी बांध. पुंजाराम, मुलगी काय म्हणतेय? तिला वाईट वाटलं असेल फार.

पुंजाराम : ती जेवली.

कॅप्टन : जेवली?

पुंजाराम : हळद लागल्यापासनं घास गिळला न्हवता तिनं. आवाज आला, बाया रडाया लागल्या, आन् ही पाटावरनं उतरली ती थेट आचाऱ्याकडं. मुंडावळ्यांसकट बसली लापशीला. मागून घेतली वर. समदं वऱ्हाड उपाशी आन् नवरी एकटी जेवतीय.

सूर्यभान : हसली का?

पुंजाराम : तूप वाढ म्हनली आचाऱ्याला. असं तूप मागितलं न्हवतं तिनं कवा.

कॅप्टन : पुंजाराम, तिनं आधी कधी नको म्हटलं होतं?

पुंजाराम : साहेब, ऊन लई झालंय. मी सावलीला येऊ का?

कॅप्टन : या. बसा.

पुंजाराम : पोरगा वाईट न्हाई. आबासाहेबाचं घर बी चांगलं. चार मानसांत सुपारी फुटली.

कॅप्टन : मी मुलाबद्दल नाही विचारलं.

पुंजाराम : म्हनली हुती. एकदाच. नगरला नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. हिरीवर आली, मी दारं धरत हुतो. म्हनली, अन्ना, मला नको हे. इंजन चालू हुतं पान्याचं. मी म्हनलं, इंजनात काय ऐकू येईना, घरी बोल. घरी बोलली न्हाई ती.

सूर्यभान : खरंच ऐकू आलं नव्हतं?

पुंजाराम : मेकॅनिक हायेस ना तू? पाच घोड्याचं इंजन. कितीसं वरडतं ते.

सूर्यभान : फार नाही.

पुंजाराम : बंद करायला एक कळ दाबायची असती. मी न्हाई दाबली. सुपारी फुटल्याली हुती, मला इंजन बरं वाटलं.

कॅप्टन : मग मी होऊ द्या म्हणणार नाही, पुंजाराम. लायसनचं सोडा. मला ते म्हणवणार नाही.

पुंजाराम : नका म्हनू.

कॅप्टन : नको?

पुंजाराम : मगाशी हिकडं येताना म्हनत आलो, होऊ द्या म्हनायला लावायचं. पन ती तूप मागत हुती ते डोळ्याफुडनं जाईना. मी बाप हाय. चार मानसांत शबुद दिलाय, माझ्या तोंडनं आता "न्हाई" निघत न्हाई. तुमी म्हना. सकाळी म्हनला तसंच. तुमच्या तोंडनं निघतंय.

कॅप्टन : माझ्या तोंडून ते तारांना बघून निघालं हो.

पुंजाराम : निघालं ना पन. येळेवर निघालं.

कॅप्टन : सूर्यभान, हे कुठल्या नियमात बसतं?

सूर्यभान : दुरुस्तीनंतर चाचणीसाठी वर जावंच लागतं. गुंई गेलं का, कटकट गेली का, बटण सुटतंय का. बटण सुटतंय का ते बघायचं तर आधी दाबायला पाहिजे. आणि दाबल्यावर माणूस काहीतरी बोलतोच. वढ्याच्या अंगाला वारा पण चांगला आहे.

कॅप्टन : आणि वऱ्हाड परत गेल्यावर? गावात तुमचं नाव खराब नाही होणार?

पुंजाराम : माझं कशानं? देवानं मोडलं. आबासाहेब बी मानानं माघारी जाईल. त्याच्याकडं लगेच दुसरी सोयरीक येईल, देवानं राखल्याला पोरगा म्हनून. मी लापशी समद्या गावाला वाढतो. रतनची पेटी तेवढी नगरच्या यष्टीवर टाकायची राहिली.

कॅप्टन : बटण पुसलंस?

सूर्यभान : रॉकेलनं पुसलं. आता दाबाल तेव्हाच लागेल, सोडाल तेव्हा सुटेल. ह्यावेळी सोडा मात्र. आईला हाक नंतर मारा.

कॅप्टन : आणि माझं ऐकून झाल्यावर तू बोल. मला कुणाचा तरी आवाज ऐकू आला पाहिजे. पुंजाराम, शब्द काय ते सांगा. तुमची मुलगी आहे. तुमच्याच शब्दांत म्हणतो.

पुंजाराम : न्हाई. पुन्याच्याच बोलीत म्हना. आमच्या बोलीत आलं तर लोक वळखत्याल. नको, जमणार नाहीये, मागे फिर. सकाळी म्हनला तसं.

कॅप्टन : एवढंच?

पुंजाराम : येवढंच. आन् शेवटाला एक बारकं वाक्य आमच्यातलं टाका. लोकांस्नी काय उमजायचं न्हाई. तिला उमजंल. "ऐकू आलं हुतं."

कॅप्टन : ऐकू आलं होतं.

पुंजाराम : होतं न्हाई, साहेब. हुतं.