गोड्या पाण्यातले पाकट

—हात काढा! आधी हात बाहेर काढा, भगवंतराव, मग बोला. काचेवर बोट आपटा, हाका मारा, काय पायजे ते करा, पण पाण्यात हात नाय घालायचा. तुमच्या दोस्ताचा, खंडेरावसायबांचा, उजवा हात कोपरापासनं गेला तो ह्याच पेटीपायी ना? डोळ्यांनी बघितलंत, आणि तरी? — बरं, बसा. त्या पाटावर बसा. मी मासळी तोडता तोडता सांगते, कोयता हातात असला म्हणजे माझी जीभ चालते. खंडेरावसायबांनी चिठ्ठी दिलीय म्हणता, हे दोनी पाकट मासे तुमच्या घरी न्यायला — न्या की. माझ्या बापाचं काय जातंय? मी ह्या घरातली भांडी घासणारी बाई. ही ठमी, माझी भाची, दोन लेकरांची आई हाय, ती तुमचे डबे भरून देईल. — वयनी? सुगंधावयनी कुटं गेल्या ते मला ठाऊक नाय. पोलिसानं इचारलं, घरमालकानं इचारलं, सगळ्यांना तेच सांगितलं. सायब इस्पितळात, आणि एक दिवस मी सकाळी आले तर घर उघडं आणि बाई नाय. संपलं.

तर ऐका. पहिलं म्हणजे पेटी. उंच नको, रुंद पायजे. पाकट काय वर-खाली पोहत नाय, तो भाकरीसारखा तळाला पसरतो. सायबांनी कारखान्यातल्या फिटरकडनं लोखंडी चौकट करून घेतली आणि चारी अंगांनी काच लावली, ती बरोबर केली, तेवढी अक्कल होती. तळाला नदीची बारीक रेती, सात पाण्यांनी धुतलेली. खडा एक नको, पोट खरचटतं. पाणी विहिरीचं, पण काढलं आणि ओतलं असं नाय — दिवसभर पिंपात राहू द्यायचं. आमच्या तारापूरच्या खाडीतले पाकट खाऱ्या पाण्यातले. हे कलकत्त्याहून आगगाडीनं आले, गोड्या पाण्याचे. सायब बोलले तेव्हा आमी बायका हसलो — गोड्या पाण्यात पाकट? म्हणजे उद्या आंब्याला नारळ! पण निघाले खरे. पहिले चार दिवस खाल्लं नाय. तुमच्याकडे पण खायचे नाय, घाबरू नका. नवीन घरात कोणाला घास जातो? वयनी लग्न होऊन आल्या तेव्हा आठ दिवस नुसत्या पाण्यावर होत्या, आणि सायब म्हणायचे, नखरे हायत, पट्टा दाखवला की खाईल.

— दाखवला का? आता तुमी मला इचारता? शेजारच्या खोलीत पत्ते कुटत बसायचे ना तुमी? ऐकू येत नव्हतं? कमरेचा पट्टा, पितळी बकलाचा. बकलाची बाजू मारायची, कातड्याची नाय. मी हळद लावायची. पाठीवर एक जागा अशी राहिली नव्हती की बोट टेकवावं. एकदा डाळ करपली म्हणून, एकदा माहेरचं कार्ड आलं म्हणून, आणि एकदा — एकदा माझ्यापायी.

ती गोष्ट अशी झाली. आमच्यात पाकट जाळ्यात आला की आधी काय करायचं? शेपटीवर पाय द्यायचा आणि तिच्यातला विषारी काटा तोडायचा. मग बाकीचं. आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. माझ्या चुलत्याच्या पोटरीत काटा गेला होता, तीन रात्री बैलासारखा ओरडत होता. तर हे दोघं आले, मडक्यातनं पेटीत सोडायचे होते, सायब बाहेर हमालाशी भांडत होते — आणि माझा हात आपसूक गेला. फडक्यानं धरलं, कोयत्यानं दोघांचे काटे उडवले. वाटलं, शाबासकी मिळेल. सायब आले, बघितलं, पांढरेफटक पडले. म्हणाले, हजार मैल लांबून आणलेलं जनावर तू नासवलंस! मला मारायला धजले नाय — माझे भाऊ तारापूरला होड्यांवर हायत, वल्ह्यानं टाळकं फोडतील ते त्यांना ठाऊक. मग कोणाला मारलं? वयनींना. तुझ्या राज्यात मोलकरीण असं करते कशी, म्हणून. मी तिथं उभी, हातात ते दोन काटे, आणि बकल आपटतंय. माझी चूक आणि तिच्या पाठीचं सालटं. ते नाय विसरत मी.

— खाणं? हां, खाण्याचं सांगते. सायबांसारखं करू नका. ते जिवंत मासे सोडायचे, पाकट अंगावर बसून चुरडतो ते बघायला, आणि वयनींना बोलावून बघायला लावायचे. बघ, म्हणायचे, असं असतं. तोंड पोटाखाली असतं त्याचं, घास दिसत नाय, वासानं येतो. म्हणून रेतीवर सोडायचं, नाकाच्या बाजूनं, शेपटीच्या नाय. गांडुळं दिली तर चालतात, पण धुऊन. आणि उरलेलं काढायचं, नायतर पाणी कुजतं.

काय म्हणालात? काटा तोडलेला होता, मग सायबांना लागला कसा? — फुटतो परत. नखासारखा. जुना तोडला की नवा येतो. आमच्यातलं शेंबडं पोर सांगेल. नाय, सायबांना ठाऊक नव्हतं. ते घाटावरचे, त्यांना वाटलं तोडला म्हणजे तोडला. लाडानं हात फिरवायचे, उचलून उलटा करायचे, पाहुण्यांना पोटाखालचं त्याचं हसरं तोंड दाखवायला. मला? मला कसं ठाऊक असणार, मी काय रोज शेपूट मोजते? — असं बघू नका माझ्याकडे. होतं ठाऊक. रोज खायला मीच घालायची ना. पहिला बारीक दिसला, मग बोटाएवढा झाला. एक दिवस गेला, दोन गेले, रोज वाटायचं आज सांगते. आणि रोज संध्याकाळी पट्टा वाजायचा. मग नाय सांगितलं. झालं?

त्या रविवारी तुमीच होता की. तुमीच म्हणालात, खंडेराव, दाखव तुझा हसणारा मासा. आणि सायबांनी बाही वर केली. काटा मनगटातनं आरपार. करवतीसारखा असतो, उलट्या दात्यांचा. तसाच धरून ठेवायचा, उपटायचा नाय. सायबांनी हिसडा दिला. शिरा बाहेर आल्या, भिंतीवर रक्त — तो डाग बघा, चुन्याखालनं अजून दिसतो. उपटू नका म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मिटलं. आणि औषध काय? कढत पाणी. सोसेल तेवढ्या कढत पाण्यात हात बुडवून ठेवायचा, विष उतरतं. चुलीवर पातेलं खदखदत होतं, भगवंतराव. सायब जमिनीवर लोळत होते, बायका रडतात तसे रडत होते, तुमी मोटार बघायला धावलात. आणि मी त्या पातेल्यात चहाची पूड टाकली. पाहुणे आले होते ना घरी. तुमी परत आलात आणि प्यालात पण, उभ्या उभ्या.

हात कुजला तो पुढं. डॉक्टरनं कापला. मला वाईट वाटतं का? नाय वाटत. खोटं कशाला बोलू? एकच वाटतं, की वयनींनी ते रक्त पुसलं, मी पुसायला पायजे होतं.

बरं, ते राहू द्या. करंदीचं, त्या बारीक कोळंबीचं सांगायचं राहिलं, आणि तीच मुख्य. बाजारातली बर्फ लागलेली नको, हे खात नायत. खाडीच्या तोंडाची, वळवळणारी, ओल्या गोणपाटात घालून आणलेली. मी दोन दिवसांआड मागवते. हे टोपलं बघा, एक मेलेली सापडणार नाय. निवडीला हात लागतो तसा! अहो, घाटावरची बाई, मासळीचा वास आला की ओकारी काढायची, आणि आता करंदी सोलायला बसली तर दातिवऱ्याच्या बायका तोंडात बोट घालतात —

...

कोण म्हणजे? कोणी नाय. आमची एक नातेवाईक हाय. घाटावर दिली होती तिला, म्हणून घाटावरची. — दातिवरे मी कुटं म्हटलं? — बसा की. चहा करते. एवढी घाई कसली झाली? डबे भरायचे हायत अजून, पाकट न्यायचे ना तुम्हाला?

चिठ्ठी दाखवा. खंडेरावसायबांनी दिली ती. दाखवा ना. — नाय. चिठ्ठी नायच. तुमच्या घरी पेटी पण नाय, मघापासनं पेटीचं सांगते तर एकदा लांबी-रुंदी इचारली नाय तुमी. तीनदा वयनींचं इचारलं. पाकटांपायी नाय, वयनींना हुडकायला धाडलंय तुम्हाला सायबांनी. मी पण काय बाई! जिभेला हाड नाय माझ्या. तुमी गोड बोललात आणि मी टोपलंच उघडून दाखवलं.

ठमे! डबा ठेव खाली. हात पुसू नको, तशीच स्टेशनावर पळ, आता शटल येईल. सफाळ्याला उतर आणि तिथनं मिळेल त्या गाडीनं दातिवरे गाठ. सांग वयनींना, सायब येतायत. सांग, माझ्या तोंडातनं गेलं, शिव्या मागनं द्या, आधी होडीत बसा. माझ्या भावांची होडी तिथंच लागलीय, त्यांना सांगून बसव. आणि जाताना दाराला बाहेरनं कडी घाल. — हो, बाहेरनं. मला आत ठेवून.

तुमी उठू नका, भगवंतराव. सांगितलं ना, बसा त्या पाटावर. आजवर मी डोकी तोडलीत ती नुसती माशांची. मला भ्या घालू नका, माझं वय झालं, मला पोलीस काय करणार? शटल निघाली की शिटी ऐकू येते इथं. ती जाईपर्यंत आणि त्याच्यापुढं दोन तास, आपण दोघं इथंच. पाय हलवला तर पायच जाईल, मग त्या दोस्ताला शोभतील असे दोघं व्हाल. — नाय, आता मला काय इचारू नका. खूप बोलले मी. गप बसा.