पाहिल्याशिवाय 'नाही' लिहू नये

सांगा बरं, माउलींनो — एखादी गोष्ट नाही, असं कधी म्हणावं? दिसली नाही की लगेच? की शोधून थकलो म्हणजे?

पुण्यात कुमुदताई पोंक्षे होत्या. नोकरी वेधशाळेत. काम काय? — सूर्याचा जोडीदार शोधणं! हसू नका. पुष्कळ तारे जोडीनं राहतात. मग आपलाच एकटा का? असेल त्याचाही कुणी तपकिरी बटुतारा. म्हणजे कसा? चूल मांडली, सरपण भरलं, पण जाळ धरलाच नाही — नुसती धग. (असे जावई पाहिलेत आपण, नावं नकोत!) डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून उपग्रहानं टिपलेले उष्णतेचे फोटो बघायचे. एकाच जागेचे दोन, सहा महिन्यांच्या अंतरानं. ठिपका जवळचा असेल तर जागचा हललेला दिसतो.

अकरा वर्षं ताई ठिपके बघत होत्या. जाऊबाई दर सणाला विचारायच्या, सापडली का हो सूर्याची बायको?

निवृत्तीला चार महिने उरले. टिळेकरसाहेब म्हणाले, बहुतेक आकाश बघून झालं, आकाशगंगेचा दाटीचा पट्टा तेवढा राहिलाय. 'जोडीदार नाही' लिहा, सही करा. मुदत वाढणार नाही. अपुरं राहिलं तर अहवालावर तुमचं नाव नसेल.

अकरा वर्षं, मंडळी! सही केली असती तर कुणाला कळलं असतं?

ताई हळूच म्हणाल्या, "साहेब, सोळातले पंधरा सोमवार करून उद्यापन करत नाहीत."

"आणि तिथंही नाहीच निघालं तर?"

"तर नाही लिहीन. पण बघून लिहीन."

तो पट्टा कसा? — सांडलेली खसखस! रोज पूजा आटोपून ताई आठला हजर. तिसऱ्या महिन्यात एक ठिपका हलला. तीनदा मोजला. बटुतारा खराच — पण सूर्याचा कुणी नव्हे, आपल्या वाटेनं चाललेला परका. साहेब म्हणाले, हाही मोठाच शोध, आता थांबा. ताईंनी त्याची नोंद केली आणि फोटोंची पुढची जोडी उघडली.

नोकरीच्या शेवटच्या दुपारी शेवटची जोडी पाहिली. काही हललं नाही. ताईंनी लिहिलं — आमच्या साधनांना दिसेल असा जोडीदार नाही. खाली सही.

आणि आपण? दोन दिवस माळ ओढली, की देव नाही! ते आकाश राहू द्या. ज्या भावाच्या घरी आता माया उरली नाही म्हणता — त्याचा उंबरा शेवटचा कधी ओलांडलात? उद्या जा. आत बसा. पाणी मागा. मग मला येऊन सांगा, नाही म्हणून.